चार अक्षरं आणि एक हळकुंड

"पण मास्तर, दिसणारे शब्द असे दिसेनासे का होतात?"

यासीन मास्तरांनी मान वर केली नाही. अंगणात पाट टाकून ते विळीवर भेंडी चिरत होते.

जिनदत्त चौगुले समोरच्या ओट्यावर बसला होता. सांगलीचा हळदीचा व्यापारी. मांडीवर कागदात बांधलेली भेट, शेजारी जुनी कापडी पिशवी. पिशवीत लाकडाची इंग्रजी अक्षरं.

ही पिशवी मास्तरांचीच. मिरजेच्या शाळेत इंग्रजी शिकवताना त्यांनी पोरांसाठी एक खेळ काढला होता. पिशवीत हात घालायचा, चार अक्षरं काढायची. ती चारही ज्यात आहेत असा इंग्रजी शब्द शोधायचा. सोबत दुसरी अक्षरं कितीही येऊ देत. ज्याचा शब्द सगळ्यांत लांब, तो जिंकला.

पोरं मोठी झाली, काहींना टक्कल पडलं, पण खेळ काही सुटला नाही. अजून वाचनालयात सामने भरतात. त्याची एक रीत आहे. मास्तर आपल्या हातानं पिशवी देतात तो पट्टशिष्य. आणि खेळ सोडायचा तर त्यानं ती आपल्या हातानं परत आणून द्यायची.

जिनदत्त ती परत द्यायला आला होता.

वडील गेले तेव्हा त्याची शाळा सुटली आणि तो गादीवर बसला. शाळेतली एवढी एकच गोष्ट त्याच्यापाशी उरली होती. आता तीही चालली होती. गेले काही सामने तो अक्षरांपुढे नुसता बसून राहायचा, भाव पडलेल्या दिवशी दलाल बसतो तसा. रविवारी पुन्हा सामना होता.

"अभ्यास करतोस?" मास्तरांनी विचारलं.

"अभ्यास?" जिनदत्त ताठ झाला. "मास्तर, जाडी डिक्शनरी पालथी घातली. बारा अक्षरांच्या आतल्या शब्दाला मी दारात उभं करत नाही. वैद्यकीतले शब्द, कायद्यातले शब्द, किड्यामुंग्यांची नावं... सगळी तोंडपाठ. अख्ख्या जिल्ह्यात माझ्याएवढा साठा कुणाकडे नाही."

हे मात्र खरं होतं. एकदा सोलापूरच्या गिऱ्हाइकाला त्यानं बोलता बोलता असाच एक गाडाभर लांबीचा शब्द ऐकवला होता. गिऱ्हाईक कळवळून म्हणालं, "अरेरे! औषध चालू आहे ना शेठ?"

मास्तरांनी ओला हात धोतराला पुसला, पिशवीत घातला आणि चार अक्षरं समोरच्या दुसऱ्या पाटावर मांडली.

जी. एच. बी. डी.

जिनदत्त वाकून बघू लागला.

इतक्यात भिंतीपलीकडून हाक आली. "मास्तर, ताक देऊ काय? आज झालंय चांगलं!" शेजारच्या मेहरूनबीचा हात भिंतीवरून तांब्या घेऊन आला. मागोमाग वरच्या गॅलरीतून कुणी तरी दोरीला टोपली बांधून सोडली. "मास्तर, दोन मिरच्या टाका हो!"

मास्तरांनी तांब्या घेतला. टोपलीत मिरच्या टाकल्या.

"इथं फार कलकल आहे," जिनदत्त कुरकुरला. "मी आत बसू?"

"बस की."

तो अक्षरं घेऊन आत गेला. दार लावलं, खिडकी लावली. एकेक लांबलचक शब्द आठवून त्यात ती चार अक्षरं शोधू लागला. एकात एच मिळेना, दुसऱ्यात बी.

घामाघूम होऊन तो बाहेर आला. अक्षरं पाटावर ठेवली. पिशवी उचलून दोन्ही हातांनी पुढं धरली.

"घ्या मास्तर. मला नाही जमत आता."

मास्तरांनी पिशवीकडं पाहिलंच नाही. "त्या कागदात काय आहे?"

"हळकुंडं. पहिल्या प्रतीची. तुमच्यासाठी खास निवडून आणलीत."

मास्तरांनी पुडकं सोडलं. सोन्याच्या कांड्यांसारखी पिवळीधमक हळकुंडं. त्यातलं सगळ्यांत लांब त्यांनी उचललं, उन्हात फिरवून पाहिलं. मग तुळशीशेजारच्या रिकाम्या कुंडीत बोटानं खड्डा केला, हळकुंड उभं पुरलं, वर माती लोटली. तांब्यातलं घोटभर ताक पिऊन, उरलेलं तसंच ठेवून, ते पाण्याचा गडू घेऊन आले आणि कुंडीत पाणी घालू लागले.

जिनदत्तला हसू आवरेना. "अहो मास्तर, काय करताय हे! ते उगवायचं नाही."

"का? चांगलं लांब आहे."

"लांब असून काय उपयोग?"

"चकचकीत पण आहे."

"पॉलिश केलंय म्हणून! शिजवून, वाळवून, घासून केलेला माल आहे तो. दुकानात मांडायचा. पेरायला कच्चा गड्डा लागतो, मातीनं भरलेला. त्याला डोळा असतो, तिथनं कोंब..."

बोलता बोलता तो थांबला.

मास्तर पाणी घालत राहिले.

जिनदत्त हळूच ओट्यावर टेकला. पिशवी अजून हातातच होती. टोपली वर गेली. वरून "झाली बरं का फोडणी!" असा आवाज आला, पाठोपाठ ठसका. पलीकडं मेहरूनबी कुणाला तरी सांगत होती, "अगो, शिडी मास्तरांकडं आहे, आणि मास्तरांची कढई माझ्याकडं!" समोरच्या घरातून कुणी तरी हसलं.

सगळ्या गल्लीचा संसार एकाच अंगणात मांडल्यासारखा वाटत होता...

त्याची नजर सहज पाटावर गेली.

"नेबरहूड," तो म्हणाला.

त्याचं त्यालाच नवल वाटलं. एकेक अक्षर बोटानं दाबून पाहिलं. जी होतं. एच होतं. बी, डी... चारही होती.

"मास्तर, नेबरहूड! अख्खा शेजारपाजार! आणि लांबही केवढा..." तो अडखळला. "पण हा तर तुम्ही शाळेत शिकवला होतात. केव्हापासूनचा माझ्याकडं आहे."

"हं."

"मग तो मी दारात का उभा केला नाही?"

मास्तरांनी तांब्या त्याच्यापुढं सरकवला. "ताक पी. गरम होतंय."

जिनदत्त ताक प्यायला. मिशीवरचं पुसलं. बराच वेळ तो नुसता ऐकत बसला.

उठताना त्याला हातातल्या पिशवीची आठवण झाली. आता द्यावी की न्यावी, काही कळेना. धीर करून त्यानं विचारलं, "मास्तर... मग ही पिशवी?"

मास्तरांनी कुंडीतली माती हलक्या हातानं थोपटली.

"ते हळकुंड उगवलं," ते म्हणाले, "की आणून दे."