चिंचेखालची पंगत

शके अठराशे सोळा, वैशाख शुद्ध द्वादशी, तिसरा प्रहर. माणदेशातील खडकमाळ गावी केवलनाथ महाराजांचा मुक्काम होता, आणि देवीच्या देवळासमोरील चिंचेखाली यादवराव इनामदारांच्या नातवाच्या जावळाची पंगत बसली होती. पानांवर भात पडला इतक्यात महाराजांचा भक्त बिरू धनगर धावत आला. पश्चिमेचा गडगडाट दर खेपेस जवळ येत आहे, सर्वांनी झाड सोडून देवळात जावे, अशी त्याने हात जोडून विनवणी केली.

चैत्रातही त्याने असेच सांगितले होते आणि ढग परस्पर निघून गेले होते. इनामदार म्हणाले, "मागल्या खेपेस तुझ्या विजेची वाट पाहून आमच्या भाकरी वाळल्या, बिरू. आज भात तरी निवू देऊ नकोस."

पंगत हसली. यजमान बसला असता पानावरून उठणे हा त्याचा अपमान. म्हणून ज्यांना भय वाटले तेही उठेनात. बाळाची आई तेवढी आभाळाकडे पाहत राहिली.

महाराजांनी विचारले, "बिरू, तुझी मेंढरे कुठे आहेत?"

"खालच्या सखलात पांगवून बसवलीत, म्हाराज. झाडाखाली एक बी ठिवलं न्हाई."

"जो मेंढरू झाडाखाली ठेवीत नाही, तो माणसांना उगाच कशाला उठवील?" असे म्हणून महाराजांनी पानाला नमस्कार केला आणि ते उठले. संत उठल्यावर बसणार कोण? सारी पंगत, बाळासह, दगडी देवळात गेली. इनामदार मात्र हट्टाने एकटेच बसून राहिले.

महाराज चिंचेखाली परतले. अंगावरचे केस ताठ होत होते. वर पाहून ते हळूच म्हणाले, "माय, अंमळ थांब. एक लेकरू मागे राहिले आहे."

गडगडाट थांबला. पानही हलेना. महाराजांनी इनामदारांचा खरकटा हात आपल्या हाती घेतला. "चला, उरलेला घास मी भरवीन." दोघांनी देवळाचा उंबरा ओलांडला आणि त्याच क्षणी विजेने चिंच बुंध्यापर्यंत चिरली, खालची पंगतीची पाने जळून गेली. यास कोणी योगायोग म्हणेल. त्याने आधी त्या क्षणभराच्या शांततेचे कारण सांगावे.

इनामदारांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले, मग बिरूकडे वळून ते वाकले. बिरू संकोचाने मागे सरला. महाराजांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्यास थांबवले.

इनामदार म्हणाले, "बिरूने सांगितले तेव्हाच उठायला हवे होते. चूक माझी."