झाकलेली झडप

उन्हाळ्याच्या दुपारी जिथे पाखरेसुद्धा गप्प बसतात, अशा एका उष्ण मुलखात करंजपूर नावाचे बाजारगाव होते. तिथे हरबाशेट नावाचा अत्तराचा व्यापारी राहत असे. त्याचे नाक असे तिखट की, फाया एकदा हुंगला की आतला मोगरा कोणत्या बागेतला ते तो सांगे. गावात त्याच्या नाकाला मान होता आणि स्वतः हरबाशेटच्या मनात तर तो जरा जास्तच होता. दुसऱ्या अत्तरवाल्याच्या दुकानावरून जाताना तो नेहमी नाकाने कांदे सोलत जाई.

त्याचे घर त्याच्या वडिलांनी बांधले होते. गावात तसे दुसरे घर नव्हते. छपरावर वारा धरणारा एक मनोरा होता. उन्हाळ्यात मनोऱ्याच्या तोंडाशी वाळ्याचे पडदे टांगून त्यांवर पाणी शिंपडत. वारा त्या ओल्या वाळ्यातून गार होई, भिंतींच्या पोटातल्या पोकळ वाटेने खाली उतरे आणि प्रत्येक खोलीत एका दगडी जाळीतून बाहेर पडे. भिंतीला कान असतात असे आपण म्हणतो. या घराच्या भिंतींना नाक होते आणि छातीही होती.

वडिलांनी त्या वाटेवर जागोजागी लाकडी झडपा ठेवल्या होत्या. शिमगा झाला की ते सगळ्या झडपा उघडत, आतली धूळ ओल्या फडक्याने पुसत, चुन्याचा हात देत आणि कडुनिंबाचा धूर करत. आत सगळे कोरडे खडखडीत झाले म्हणजे मगच वाळा टांगायचा, असा त्यांचा नेम होता. घर जी हवा घेते तीच आपल्या पोटात जाते, असे ते म्हणत.

हरबाशेटला त्या झडपा आवडत नसत. दिवाणखान्यात बिलोरी आरसे, मखमली लोड, आणि मध्येच भिंतीवर ही लाकडी फळी. रेशमी अंगरख्याला ठिगळ लावावे तशी ती त्याला दिसे. वडील गेल्यावर त्याने सगळ्या झडपांवर गिलावा करून घेतला आणि दिवाणखान्यातल्या झडपेवर तर फुलांची वेल रंगवून घेतली. आता आतली सफाई कशी करणार, असे गवंड्याने विचारले तेव्हा तो हसला.

"भिंतीच्या आत कोण बघायला जातंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

ही म्हण त्याची फार लाडकी होती. तडा गेलेल्या कुपीवर सोनेरी कागद चिकटवतानाही तो हीच म्हण म्हणे.

काही वर्षे हे निभावले. मग मनोऱ्याच्या बुडाशी एक फट पडली. पावसाचे पाणी तिच्यातून भिंतीच्या पोटात मुरू लागले. उन्हाळ्यात वाळ्याचे पाणीही तिथेच निथळे. आतली ओल कधीच वाळेनाशी झाली. आणि एके दिवशी घरात बारीकसा कुबट वास आला.

तो वास सगळ्यांत आधी कोणाला आला असेल? अर्थात हरबाशेटला. एवढे नाक उगीच का होते? वास भिंतीतून येतो हेही त्याला त्याच दिवशी कळले. पण अत्तरवाल्याच्या घराला कुबट वास येतो हे बाहेर फुटले तर त्याची कुपी कोण विकत घेईल? तो गप्प बसला. जाळ्यांवर काळे ठिपके आले, ते त्याने खरवडून वर चुना फासला. पावसाळ्यानंतर ठिपके पुन्हा आले. मग त्याने मनोऱ्याच्या तोंडाशी शेगडी ठेवून ऊद जाळायला सुरुवात केली. वाऱ्याबरोबर उदाचा घमघमाट खोल्याखोल्यांतून फिरू लागला. आलेले पाहुणे म्हणत, घर असावे तर असे.

नाकाला फसवता येते. छातीला फसवता येत नाही.

हरबाशेटचा मुलगा मालाच्या खरेदीसाठी परमुलखात गेला होता. घरी सून सगुणा आणि तिची लहानगी मुलगी मैना होत्या. मैना म्हणजे हरबाशेटचा जीव की प्राण. दिवाणखान्याला लागून असलेली सगळ्यांत गार खोली त्याने मुद्दाम तिला दिली होती. त्याच खोलीत मैना खोकू लागली. पुढे तिच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. वैद्याचे काढे झाले, चाटण झाले, दृष्ट काढून झाली. गुण काही येईना.

सगुणा आई होती. तिचे लक्ष मैनेच्या श्वासावरच असे. अंगणातल्या निंबाखाली मैना दिवसभर खेळली तरी तिला धाप लागत नसे. आजोळी ती पाडसासारखी धावे. घरी परत आली की त्याच संध्याकाळी छाती वाजू लागे. सगुणाने एक दिवस जाळीला नाक लावले आणि ती काय ते समजली. तिने जाळीत वाकळेचा तुकडा घट्ट कोंबला. त्या रात्री मैना शांत झोपली.

सकाळी सगुणाने सासऱ्यांना सगळे सांगितले आणि झडपा उघडा म्हणून विनवले. हरबाशेट म्हणाला की आजोळची हवा सगळ्याच लेकरांना मानवते, त्यात काय विशेष. त्याला पटले नव्हते असे समजू नका. पटले होते, म्हणूनच त्याला राग आला होता. संस्थानातल्या राजकन्येचे लग्न ठरले होते आणि अत्तर निवडायला राजवाड्याचे कारभारी आबाजीपंत त्याच्या घरी यायचे होते. आता भिंती फोडल्या तर गावभर बोभाटा झाला असता.

"एवढं एक कार्य पार पडू दे, सूनबाई," तो म्हणाला. "मग बघू."

पंत आले त्या दिवशी ऊन आग ओकत होते. सगुणा स्वयंपाकघरात पन्हे करत होती. मैना आपल्या खोलीत झोपली होती. पंतांनी घर बघायला मागितले तर जाळीत कोंबलेली वाकळ बघून काय म्हणतील, या विचाराने हरबाशेटला चैन पडेना. तो पाय न वाजवता खोलीत गेला. झोपलेल्या नातीकडे त्याने एकदा पाहिले. मग वाकळ उपसून काढली आणि वर जाऊन शेगडीत मूठभर ऊद जास्तच टाकला.

पंत दिवाणखान्यात रंगवलेल्या वेलीला पाठ करून बसले. माणूस अबोल होता. हरबाशेट एकेक फाया पुढे करी, पंत हुंगत आणि खाली ठेवत. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हते. हरबाशेटच्या कपाळावर घाम आला.

तेवढ्यात जाळीतून आवाज आला. बारीक, ओढून घेतल्यासारखा. थांबला. पुन्हा आला. दोन्ही खोल्यांच्या जाळ्या एकाच वाटेवर होत्या आणि वाऱ्याबरोबर तो आवाज सरळ दिवाणखान्यात उतरत होता.

पंतांनी मान वर केली. "हे काय वाजतंय?"

हरबाशेटला ते चांगले ठाऊक होते. तो आवाज त्याने कितीतरी वेळा दाराशी उभे राहून ऐकला होता. त्याला फक्त उठायचे होते. शेजारची खोली, चार पावलांची वाट. पण हातात केवड्याचा फाया होता आणि समोर राजवाडा बसला होता.

"वारा आहे, पंत," तो म्हणाला. "जुन्या वाटेत घुमतो कधीकधी." आणि तो हसलासुद्धा.

खोटे बोलणारी माणसे जगात कमी नाहीत. पण नातीच्या श्वासाला वारा म्हणणारा आजोबा मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

आवाज वाढला. आता दोन श्वासांमधले अंतर कमी झाले होते. हरबाशेट मोठ्याने बोलू लागला. केवडा कुठला, तो कधी खुडतात, कसा उतरवतात, त्याच्या तोंडाला येईल ते तो सांगत सुटला. पंत त्याच्याकडे बघत नव्हते, ते जाळीकडे बघत होते. आवाज आणखी बारीक झाला, दोऱ्यासारखा झाला.

मग आवाज थांबला.

जाळीतून नुसता गार वारा येत राहिला, उदाच्या वासाचा. हरबाशेटच्या हातातला फाया खाली पडला. तो धावला. खोलीत मैनेचे अंथरूण रिकामे होते आणि उशी घामाने भिजलेली होती. संपले, असे त्याला वाटले. तो भिंतीला धरून उभा राहिला.

अंगणातून सगुणाचा आवाज आला तेव्हा तो भानावर आला. तिने मैनेला उचलून निंबाखाली नेले होते. मैना आईच्या खांद्याला टेकून ताठ बसली होती. तिच्या ओठांवर निळी झाक होती आणि दर श्वासाला तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. पण श्वास चालू होता. सगुणा तिची पाठ चोळत होती. ती रडत नव्हती.

"मामंजी, वाकळ कुणी काढली?"

हरबाशेटने मान खाली घातली. "मी," तो म्हणाला.

सगुणा पुन्हा मैनेची पाठ चोळू लागली. ओरडली असती तर त्याला बरे वाटले असते. तो वळला, कोठीतली पहार घेतली आणि दिवाणखान्यात गेला.

"पंत, जरा बाजूला व्हा. मघाशी मी खोटं बोललो. तो वारा नव्हता, माझी नात होती."

त्याने रंगवलेल्या वेलीवर पहार घातली. गिलावा ढासळला. मागची झडप कुजून भुसा झाली होती. आत, वडिलांनी पांढरी ठेवलेली ती वाट, मांजराच्या पाठीसारख्या मऊ काळ्या बुरशीने भरून गेली होती. तिच्यातून असा दर्प आला की उदाचे काही चालेना. हरबाशेटने नाकाला उपरणे बांधले आणि सगळ्यांना घराबाहेर व्हायला सांगितले. पंतांनी पायात जोडे घातले आणि ते निघून गेले.

उन्हे कलली तसा मैनेचा श्वास हळूहळू सुरळीत झाला. तोवर गावभर बातमी पसरली होती. ज्याच्या भिंतीत ही घाण, त्याच्या कुपीत काय असेल, असे लोक बोलू लागले. दुकानात कुत्रे फिरकेना. राजकन्येच्या लग्नाचे अत्तर दुसऱ्याच व्यापाऱ्याकडून गेले. इतके दिवस ज्याला भ्यायचा ते सगळे हरबाशेटच्या वाट्याला आले आणि आश्चर्य असे की त्याला रात्री झोप लागू लागली.

घरच्यांनी अंगणात मांडव घालून बिऱ्हाड केले. हरबाशेटने आधी मनोऱ्याची फट बुजवली, कारण ओल तशीच ठेवून बुरशी खरवडणे म्हणजे गळक्या माठाखालची जमीन पुसत बसणे. मग त्याने एकूण एक झडप मोकळी केली. बुरशी उडू नये म्हणून ती ओली करून खरवडली, ती लांब नेऊन पुरली, आतून चुना दिला आणि सगळ्या वाटा ऊनवारा खात उघड्या ठेवल्या. गवंडी हाताशी होता, पण खरवडायचे काम हरबाशेटने कुणाला करू दिले नाही. त्या उन्हाळ्यात घरात वाळा लागला नाही. सगळ्यांनी घाम पुसत दिवस काढले.

वाटा पुऱ्या वाळल्यावर मैना पुन्हा आपल्या खोलीत झोपू लागली. पहिल्या दुपारी हरबाशेट दिवाणखान्यातल्या जाळीला कान लावून बसला. पुष्कळ वेळ बसला. आत वारा घुमत होता. या वेळी तो खरोखरच वारा होता.

पुढच्या उन्हाळ्यात, काही न कळवता, आबाजीपंत दारात उभे राहिले. ते दिवाणखान्यात गेले. वेल रंगवली होती तिथे आता साधी, नवी लाकडी झडप होती. पंतांनी खोल श्वास घेतला.

"शेटजी, घराला कसलाच वास येत नाही."

"नाही, पंत. आता ऊद जाळत नाही."

"गेल्या खेपेला तुमची सगळी अत्तरं मला सारखीच वाटली होती," पंत म्हणाले. "आता द्या बघू फाया."

हरबाशेट कुपी काढत होता, तेवढ्यात मैना अंगणातून धावत आली. तिने पाहुण्यांकडे पाहिले आणि त्यांना घरातली सगळ्यांत मोठी गंमत दाखवायचे ठरवले. टाचा उंचावून तिने भिंतीतली झडप उघडली.

"बघा," ती म्हणाली, "आत काहीच नाही."

एकेकाळी हरबाशेट अशाने लाजेने मेला असता. आता तो उठला, दिवा लावून आणला आणि पंतांना आतले नीट दिसावे म्हणून झडपेशी धरून उभा राहिला. पंतांनी वाकून आत पाहिले. आत पांढरा चुना होता आणि गार वारा होता. पंतांनी त्या दिवशी अत्तर घेतले का, असे तुम्ही विचारालच. घेतले. पण हरबाशेटचे लक्ष तिकडे नव्हते, तो धावून आलेल्या मैनेचा श्वास ऐकत होता.

तात्पर्य: झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, पण झाकलेली घाण आपल्याच माणसांच्या जिवावर उठते. घरातला दोष कळला की त्यावर सुगंध शिंपडू नये. लाज सोडून भिंत उघडावी आणि ओल मुळापासून काढावी.