लाखात एक

एकदा एका हुशार शिष्याच्या गणितापायी एका पाणबुड्याचा पाय गेला.

शिष्याचे नाव श्रीरंग. त्याच्या आचार्यांचा आश्रम खाडीच्या मुखाशी होता. तिथे चाळीस पाणबुडे बुड्या मारून मोत्यांचे शिंपले काढीत. त्या वर्षी खाडीत मुशी, म्हणजे शार्क मासे, शिरले आणि एक पाणबुडा प्राणास मुकला. बाकीच्यांनी पाण्यात उतरायला साफ नकार दिला.

पाण्यात खरेच इतका धोका आहे का, हे विचारायला शिंपल्यांचा व्यापारी तडक आश्रमात आला. आचार्य परगावी गेलेले. श्रीरंगाने जुनी दप्तरे उघडली. प्रांतात माणसे आठ लाख. दहा वर्षांत मुशींनी मारलेली आठ. नारळाच्या झाडावरून पडून मेलेली त्याच्या दसपट.

"लाखात एक!" तो अभिमानाने म्हणाला. "शेठजी, मुशीपेक्षा नारळाचं झाड घातक आहे."

व्यापाऱ्याने भर बाजारात दवंडी पिटवली. लोक पाणबुड्यांना भित्रे म्हणून हसू लागले. बिचारे खालमानेने पाण्यात उतरले. चौथ्या दिवशी धाकू तांडेलला वर काढले, तेव्हा त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून नव्हता.

आचार्य परतले. श्रीरंग म्हणाला, "त्याचं दुर्दैव, गुरुजी. पण आकडा चुकलेला नाही."

आचार्यांचा चेहरा लाल झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी त्याला घाट चढायला लावला. वरच्या गावात ते दारोदार फिरले. प्रत्येक दारात हात जोडून तोच प्रश्न: "आपल्याला कधी मुशीनं धरलंय का हो?"

लोक हसले. जात्यावर बसलेल्या म्हातारीने तर विचारले, "मुशी म्हंजी काय रं बाबा?" ऊन चढले, तिसरे गाव झाले, आणि श्रीरंग लाजेने चिडून उठला.

"गुरुजी, पुरे! इथं समुद्रच नाही. या लोकांना मुशी कशी धरेल?"

"मग त्यांना मोजलंस कशाला?" आचार्य कडाडले. "तुझ्या आठ लाखांत ही म्हातारी आहे. पाळण्यातली पोरं आहेत. मेलेले आठ कोण होते, सांग!"

श्रीरंगाला दप्तरातली नावे आठवली. "पाणबुडे. आठही."

"आणि पाणबुडे किती?"

"चाळीस."

"म्हणजे पाचांत एक. धाकू त्यात धरलेलाही नाही. अरे, आकडा खरा होता म्हणून तर तो अधिक वाईट. खोटं असतं तर कुणीतरी पकडलं असतं. पाण्यात उतरणाऱ्याचा धोका तू घाटावर बसलेल्यांत वाटून टाकलास, आणि उरला तो चिमूटभर त्याच्या हातावर ठेवलास. वर त्यालाच भित्रा ठरवलंस!"

श्रीरंग धावतच घाट उतरला. बाजारात उभे राहून त्याने स्वतः दवंडी दिली: "पाणबुड्यांनो, पाचांत एक! मी चुकीची माणसं मोजली. मुशी जाईपर्यंत कुणी पाण्यात उतरू नका."

"आकडे तर तेच आहेत!" व्यापारी ओरडला. पण पाणबुडे केव्हाच पाठ फिरवून निघाले होते.

मग श्रीरंग धाकूच्या घरी गेला. दारात धाकूची बायको येसू उभी होती. तिने त्याचे सगळे ऐकून घेतले.

"हे आठ दिवस आधी मोजता आलं नसतं का?" तिने विचारले.

"आलं असतं," श्रीरंग म्हणाला.

ती दारातून बाजूला झाली नाही, आणि त्याने तिला बाजूला हो म्हटले नाही. तो तसाच अंगणात बसून राहिला.