यसाबाईची मातीची भिंत

रंगराव सरंजाम्यांनी दगडी माडी बांधली आणि शेजारच्या यसाबाईचं मातीचं घर त्यांच्या डोळ्यांत सलू लागलं. यसाबाई गावाचं तिखट कांडून पोट भरायची. तिचं मुसळ उखळात पडलं, की माडीवर रंगरावांचा पलंग हादरायचा.

रंगरावांनी तिला चावडीवर खेचलं. पंचांना म्हणाले, “आमचं घर चिरेबंदी. खोट आहे ती हिच्या मातीच्या भिंतीत, आवाज तिथूनच येतो. हिनं कांडप बंद करावं, नाहीतर गाव सोडावं.”

यसाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती लेकीच्या बाळंतपणाला गेली असताना याच माणसानं चौथी भिंत बांधायची टाळून माडीच्या तुळयांची टोकं तिच्या भिंतीत खोचली होती. जाब विचारायला गेली, तर “तुझ्या भिंतीला काय धाड भरलीय?” म्हणून तिला दारातूनच हाकललं होतं.

पण आवाज न चढवता ती म्हणाली, “खोट भिंतीचीच आहे, कबूल. भिंत माझी, तेव्हा काढूनही मीच टाकते. उद्या सकाळी कुदळ लावते. सरकारांनी आपल्या तुळया तेवढ्या धरून ठेवाव्यात.”

पंच चमकले. “तुळया? हिच्या भिंतीत?”

रंगरावांचा चेहरा उतरला. “भिंत राहू द्या,” ते पुटपुटले. “तशी मजबूत आहे.”

“आणि मुसळाच्या आवाजाचं काय करायचं?” पंचांनी विचारलं.

रंगरावांनी मान खाली घातली. “कसला आवाज?”