पोपटशेठच्या लाल गाडीची गळती

हायवेलगतच्या एका गावात एक भोळा गडी होता. नाव गेनू. हणमंत मिस्त्रीच्या गॅरेजात कामाला होता. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरत नसे. मिस्त्रीचं दुखणं तेच होतं.

एके दिवशी पोपटशेठ आपली स्पोर्ट्स कार घेऊन आले. लालभडक, आणि इतकी बुटकी की शेठना बाहेर ओढून काढावं लागलं. गाडीचं इंजिन ऑइल गळत होतं. परवा शेठच्या मुलाचं लग्न, आणि नवरदेव याच गाडीतून येणार म्हणून शेठनी व्याह्यांच्या गावभर सांगून ठेवलेलं.

"मिस्त्री, गाडी वाटेत बसली तर मुहूर्त टळंल," शेठ म्हणाले. "लग्न वेळेवर लागलं पाहिजे बघा."

मिस्त्री गेनूला म्हणाला, "गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेव. सकाळी त्याच्यावर तेलाचा डाग कुठं पडतोय ते बघ."

गेनूने पुठ्ठा टाकला. सकाळी मिस्त्री आला तर पुठ्ठा गायब.

"गळती घावली मिस्त्री," गेनू म्हणाला. "पुठ्ठ्यात होती. जाळून टाकला."

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "आरं, डाग खाली दिसला तरी गळती वर असती. नेहमी वर बघायचं."

"बरं," गेनू म्हणाला, आणि लक्षात ठेवलं.

मिस्त्री चहा पिऊन येतो तोवर गेनू गॅरेजच्या पत्र्यावर, हातात डांबराचा डबा. "गाडीच्या बरोबर वर एक भोक होतं," तो वरून म्हणाला. "बुजवलं."

"खाली उतर," मिस्त्री म्हणाला. "आता नीट ऐक. आधी फडक्यानं पुसून कोरडं करायचं. मग पावडर मारायची. पावडर जिथं भिजंल तिथं गळती."

"बरं," गेनू म्हणाला, आणि लक्षात ठेवलं.

तेवढ्यात पोपटशेठ घामाघूम होऊन विचारायला आले, गाडीचं काय झालं. गेनूने त्यांना खुर्चीत बसवलं. इंजिनाच्या फडक्याने तोंड पुसलं. पावडरचा डबा डोक्यावर उपडा केला आणि शांतपणे बघत उभा राहिला.

"मानेपासनं चालू आहे मिस्त्री," तो म्हणाला. "पण थोडं टाळूतनं बी असंल."

शेवटी मिस्त्रीने स्वतःच बॉनेट उघडलं. इंजिनाच्या झाकणाखालचं रबरी पॅकिंग चिरलं होतं.

"चिकटवून द्या की," शेठ पावडर झटकत म्हणाले.

"चिकटवाचिकटवी नाही," मिस्त्री म्हणाला. "गळतं ते काढायचं. त्याच मापाचं दुसरं बसवायचं. विषय संपला."

हे सांगणं शेठना होतं. लक्षात ठेवलं गेनूने.

लग्नाच्या दिवशी गाडीवर नजर ठेवायला म्हणून मिस्त्रीने गेनूलाच बरोबर धाडलं. कुणाला धाडावं हे त्याला तरी कळायला नको का? पण गाडी सुखरूप पोचली. तेलाचा एक थेंब सांडला नाही. शेठना इतका आनंद झाला की त्यांनी गेनूला पुढे स्टेजजवळ उभं केलं.

अंतरपाट धरला. मंगलाष्टका सुरू झाल्या. ऊन मी म्हणत होतं आणि नवरदेवाच्या अंगावर जाड शेरवानी. पाटावर टप्पकन एक थेंब पडला.

गेनूने तो बघितला. मग नेहमीप्रमाणे वर बघितलं. वर नवरदेव होता.

त्याने नवरदेवाचं तोंड पुसलं. करवलीकडून डबा घेऊन पावडर मारली. लोकांना वाटलं, मेकअपवाला असेल. पावडर सगळीकडूनच भिजली.

शेवटचं मंगलाष्टक आलं. सगळे मोबाइल नवरीकडे रोखलेले. गेनूने नवरदेवाला बखोटीला धरून मंडपामागे नेलं. नवरदेवाला वाटलं, हाही एखादा विधी असेल. लग्न त्याचं पहिलंच होतं.

"सावधान!" भटजी ओरडले. अक्षता पडल्या. अंतरपाट दूर झाला. नवरीने मान खाली घालून हार घातला, तो मध्येच कशात तरी अडकला. तिने वर बघितलं. समोर बँडमधला ढोलवाला उभा होता. डोक्याला फेटा, गळ्यात ढोल.

"माझा पोरगा कुठाय?" पोपटशेठनी विचारलं.

गेनूने फडक्याला हात पुसले. "काढला शेठ. गळत होता. हा त्याच मापाचा आहे."

मग तो नवरीकडे वळला. "चालवून बघा ताई. काही गळलं तर गॅरेजला आणा."