गंधकाची मोहर

एका राज्यात जात्यावरच्या ओव्यांनी उजाडत असे. त्या ओव्यांनी एका मांत्रिकाची झोप मोडे. रागावून त्याने राज्यातले सारे सूर, अगदी दिवंगत राणीचा आठवणीतला आवाजही, तांब्याच्या कलशात कोंडला आणि कलशाच्या तोंडावर पिवळ्या गंधकाची मोहर केली.

पाखरे मुकी झाली. राजा देवव्रताला स्वप्नात राणी दिसे, तिचे ओठ हलत, शब्द मात्र ऐकू येत नसे. तो झुरून अंथरुणाला खिळला.

राजकन्या शाल्मली मांत्रिकाच्या गुहेत शिरली आणि तो निजला असताना कलश घेऊन आली. एक धनेश पक्षी त्या काळी दूरदेशी होता, म्हणून पाखरांत तेवढाच बोलता उरला होता. तो म्हणाला,

"राजकन्ये, मोहर फोडू नकोस, सूर तुटतील. विस्तवावर धरू नकोस, गंधक पेटेल आणि सुरांचा धूर होईल. ती वितळूनच निघायला हवी."

तिने कलश उकळत्या पाण्यात ठेवला. चुलीत लाकडांवर लाकडे सारली. वाफेने मुदपाकखाना भरला, पण पाणी काही त्याहून तापेना. मोहर तशीच.

तिने पाण्यात मीठ विरघळवले. ते उशिरा उकळले, अधिक तापले. तरी मोहर ढळेना.

"आणखी मीठ घालू?"

"पाणी आता घेत नाही. बघ, तळाशी बसते आहे."

शाल्मली चुलीपाशी मटकन बसली. लहानपणी अशाच चुलीपाशी तिने गुळाच्या पाकात बोट बुडवले होते. उकळत्या पाण्याने कधी आला नव्हता एवढा फोड आला होता. आई फुंकर घालत काहीतरी म्हणाली होती. काय बरे?

ती ताडकन उठली. "गूळ आणा! भेल्यांवर भेल्या!"

पाणी आटत गेले, पाक दाटत गेला, तापत गेला. एकतारी झाला, मोहर हलली नाही. गोळीबंद झाला, आणि पिवळे थेंब ओघळू लागले.

कलश उघडला. ओव्या निघाल्या, अंगाई निघाली, पाखरांचा कलकलाट खिडकीबाहेर धावला. दूर गुहेत मांत्रिक दचकून जागा झाला. मंत्र आठवू लागला, तर कानांत घुमणाऱ्या ओव्यांपुढे एकही आठवेना.

सर्वांत शेवटी राणीचा आवाज आला.

"अगं शाल्मली, हात धू. आणि त्यांनाही हाक मार, पाने वाढली आहेत."

शयनगृहात राजाने पांघरूण दूर सारले.

"आलो," तो म्हणाला.