राजाच्या वाट्याची फळी

एका राज्यात सोनं इतकं होतं, की खजिन्यात मोहरांना मोहरा होत आणि त्यांचं बारसं करायला कुणाला सवड नसे. त्या राज्याचा राजा दुर्गसेन. शूर होता, न्यायी होता, फक्त हाताचा भारी घट्ट होता. एके दिवशी त्याच्या दरबारी विरूपाक्ष नावाचा मांत्रिक आला. त्याच्या खांद्यावर लाल डोळ्यांचा भारद्वाज पक्षी बसला होता. नदीवरचा साकव, म्हणजे लाकडी पूल, पुरात गेला, पलीकडची गावं अडकून पडली, राजाने एक मोहर दिली तर लोक नव्या साकवाला हात घालतील, असं मांत्रिकाने सांगितलं. राजाच्या हाती त्या वेळी एक मोहर होतीच. तो तिच्याशी चाळा करीत बसला होता. मागणं कानी पडलं आणि त्याने मूठ मिटली.

"छातीशी धरलंस, ते आता छातीवर घे," विरूपाक्ष म्हणाला आणि चालता झाला.

त्या क्षणी साऱ्या खजिन्याचं वजन राजाच्या छातीवर आलं. त्याला सिंहासनावरून उठता येईना. मिटलेली मूठ उघडेना. खजिन्यात मोहरा वाढत, तसं सिंहासन फरशीत रुतत जाई आणि राजाचा श्वास आखूड होई. वैद्य आले, नाडी पाहून गेले. दूरदूरचे मंत्रवेत्ते आले, भरपेट जेवून गेले. भारद्वाज मात्र धन्याबरोबर गेला नव्हता. तो खजिन्याच्या दारावर बसून राहिला.

राजाला एकच लेक, सौदामिनी. आई लहानपणीच गेलेली. बापानेच तिला घोड्यावर बसवलं, बापानेच तिच्या हाती तलवार दिली, आणि मान ताठ ठेवायला शिकवलं तेही त्यानेच. तो बाप डोळ्यांदेखत जमिनीत चालला होता. ती पक्ष्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आबासाहेब वाचतील कसे?"

"खजिना रिता कर," भारद्वाज म्हणाला.

"एवढंच?"

"एवढंच."

सौदामिनीला हसू आलं. देण्यात कसली आली विद्या? तिने नगरात दवंडी पिटवली, सज्जात उभी राहिली आणि ओंजळी भरभरून मोहरा खाली उधळल्या. राजाज्ञाच ती. लोक वाकले, वेचू लागले, मुजरा करून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा झाडून साऱ्या मोहरा खजिन्यात परत आल्या होत्या. येताना रस्त्यातली धूळही घेऊन आल्या होत्या.

"जी मोहर घ्यायला मान वाकवावी लागते, ती घेणाऱ्याकडे टिकत नाही," भारद्वाज म्हणाला.

ठीक, सौदामिनी मनात म्हणाली. कुणी वाकायला नको, कुणी मुजरा करायला नको. ती साधं लुगडं नेसली, तिने झोळीत मोहरा भरल्या आणि लोक शेतावर गेले असताना घराघराच्या ओसरीवर त्या ठेवून आली. पायांना फोड आले, पण मन हलकं झालं. या खेपेला मोहरा जादूने परत आल्या नाहीत. त्या लोकांनीच आणल्या. राजवाड्यापुढे ही मोठी रांग लागली. जो तो एकच सांगत होता, की कुणाची तरी मोहर आमच्या ओसरीवर राहिली, ज्याची त्याला मिळावी म्हणून सरकारात जमा करतो. पहारेकऱ्यांनी मोहरा खजिन्यात ओतल्या आणि सिंहासन आणखी रुतलं.

सौदामिनीला त्या लोकांचा संताप आला. आपण अशा लोकांच्या राजाची लेक आहोत, याने तिचा ऊरही भरून आला. दोन्ही एकदमच झालं आणि ती खजिन्याच्या पायरीवर बसून रडली.

"सांगून द्यावं तर मान वाकते, न सांगता द्यावं तर परत आणतात. मग देऊ तरी कसं?" तिने विचारलं.

"तू त्यांच्याकडून आजवर काय मागितलंस?" भारद्वाजाने विचारलं.

"मी? मी का मागावं?"

पक्ष्याने पंखात चोच खुपसली. सौदामिनीला त्याचा राग आला, पण प्रश्न काही पाठ सोडीना.

ती वाट फुटेल तिकडे चालत सुटली आणि उन्हं कलता कलता कुंभारवाड्याशी पोचली. तिथे जिऊ नावाची कुंभारीण चाकावर बसली होती. तिने राजकन्येला पाहताक्षणीच ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. पोरगी उपाशी दिसते, एवढंच पाहिलं. हात धुऊन तिने तांदळाची गरम पेज पुढे ठेवली. सौदामिनी प्यायली. मग तिला सिंहासनावरचा बाप आठवला. कितीक दिवसांत त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता. जन्मात कुणापुढे हात न पसरलेली ती मुलगी. तरी तिने मागितलं.

"घरी वडील आजारी आहेत. त्यांच्यापुरती थोडी पेज द्याल?"

जिऊने नवा वाडगा काठोकाठ भरला, वर लोणच्याची फोड ठेवली. "ने पोरी. त्यांना म्हणावं, सावकाश प्या. वाडगा तेवढा परत आण."

राजा ती पेज शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. सौदामिनीने वाडगा घासला आणि तिचा हात थबकला. शेजारघरचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही त्या राज्याची रीत. झोपडीत पाळत, तशी वाड्यातही पाळत. वाडग्यात घालायला तिच्याजवळ काय होतं? खजिना होता. तिने मोहरा घातल्या आणि सकाळी वाडगा जिऊच्या हाती दिला.

जिऊची मुद्रा कठोर झाली. "पेजेची किंमत केलीस?"

"नाही. तुमच्या घरी तांदूळ होते, तुम्ही तांदूळ घातलेत. आमच्या घरी एवढंच आहे. रिकामा वाडगा कसा आणू?"

जिऊने विचार केला. रीत ती रीत. "तेही खरंच," ती म्हणाली, आणि मान ताठ ठेवून तिने वाडगा घेतला. त्या मोहरा परत आल्या नाहीत. वाड्यात राजाने मोठा श्वास घेतला, तो दाराबाहेरच्या पहारेकऱ्याला ऐकू गेला.

मग सौदामिनी दारोदार गेली. कुणाकडे पेज मागितली, कुणाकडे भाकरी, कुणाकडे ताकाची कढी. आमच्या घरचं राजाच्या ताटात जातं, म्हणून घराघरात चुली नेटाने पेटल्या. काल मोहर परत करणारे हात आज भरले वाडगे देत होते आणि भरले वाडगे घेत होते. त्या पैशाने विहिरी बांधल्या गेल्या, चाकं नवी झाली, आणि सगळ्यांनी मिळून साकवाचं काम काढलं. राजवाड्यातही बदल होत होता. राजा आधी मुकाट जेवे. पुढे विचारू लागला, आजची कढी कुणाकडची? त्या घरी माणसं किती, पाणी कुठून आणतात? पुढे तर चवीवरूनच घर ओळखू लागला. लेकीला तो कौतुकाने न्याहाळी, आणि ते पाहून तिचे फोड बरे होत.

शेवटी खजिना रिता झाला. सिंहासन फरशीवर आलं. राजा मात्र उठेना. उजवी मूठ अजून मिटलेलीच होती.

"त्या मुठीत एक मोहर आहे," भारद्वाज सौदामिनीला म्हणाला. "ती तुला देता यायची नाही."

त्याच दिवशी विरूपाक्ष दरबारी आला. राजाने त्याच्याकडे पाहिलं, खाली पाहिलं.

"साकव झाला असेल," राजा म्हणाला. "आता माझ्या मोहरेचं तुला काय काम?"

"झाला. पण लोकांनी मधल्या एका फळीची जागा मोकळी सोडली आहे. वरून उडी मारून जातात, पण भरत नाहीत. म्हणतात, ती राजाच्या वाट्याची."

दुर्गसेनाचे डोळे भरून आले. ज्यांना त्याने काही दिलं नव्हतं, त्यांनी त्याची जागा राखून ठेवली होती. असली प्रजा कोणत्या राजाला मिळाली? तो ताठ बसला आणि त्याची बोटं एकेक करून उघडली. विरूपाक्षाने मोहर घेतली. त्याने मान वाकवली नाही, राजानेही ती वाकण्याची वाट पाहिली नाही. भारद्वाज उडून धन्याच्या खांद्यावर बसला आणि राजा उठून उभा राहिला.

फळी बसली तेव्हा तिच्यावर पहिलं पाऊल राजाने टाकलं. शेजारी सौदामिनी होती आणि बापाची मान, त्याने तिला शिकवलं होतं तशी, आज ताठ होती. जिऊ आधीच पलीकडच्या तीरावर जाऊन वाफाळता वाडगा घेऊन उभी होती. राजाने तो दोन्ही हातांनी घेतला, मग घुटमळला.

"बाई, खजिना रिता झाला. या वाडग्यात घालायला माझ्याजवळ काही उरलं नाही."

"मग असू दे तुमच्याकडे, महाराज," जिऊ म्हणाली. "भरेल तेव्हा आणा. राजवाडा कुठे पळून चाललाय?"

राजा हसला, लेक हसली, दोन्ही तीर हसले. ज्याच्या हाती हा वाडगा आला, त्याच्या घरून तो भरलेला जावो.